छत्तीस दारांत एकच नाव

सकाळी पावणेआठला बेल वाजली. दूध येऊन गेलं होतं, पेपर दारात पडला होता, म्हणजे या वेळी येणारं कुणी उरलेलं नव्हतं. दार उघडलं तर ‘बी’ विंगमधली शेजारीण, केस ओले, हातात आमच्या सोसायटीचं तिमाही बिल. काही न बोलता तिनं तो कागद माझ्यापुढे धरला. एप्रिल ते जून. सेवा शुल्क, पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, सगळे आकडे बरोबर. फ्लॅट नंबर बरोबर. फक्त वर, सभासदाच्या नावाच्या जागी, तिच्या नवऱ्याच्या नावाऐवजी ‘कै.’ आणि पुढे ‘ए’ विंगमधल्या काकांचं पूर्ण नाव. काकांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. आणि हिचा नवरा बायपास होऊन चारच दिवसांपूर्वी घरी आला होता. “पाकीट त्यांनीच उघडलं,” ती म्हणाली, “मी आंघोळीला गेले होते.” आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी कागद हातात घेतला, ‘आत ये’ म्हटलं, ती आली नाही. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत उभी राहिले. मग फोन सुरू झाले. छत्तीस फ्लॅट आहेत आमचे. छत्तीस घरांत त्या सकाळी काकांच्या नावाचं बिल गेलं होतं.

कसं झालं ते मला फाइल उघडायच्या आधीच कळलं होतं. पोटात खड्डा पडतो तो बहुधा अशाच वेळी, जेव्हा चूक काय असेल याचा शोध घ्यावा लागत नाही. मी सोसायटीची खजिनदार, आणि हिशेबाची माझी एक्सेलची फाइल आहे. प्रत्येक फ्लॅटची एक शीट, तीच त्यांचं बिल. खाली टॅबांची रांग, ए-१ पासून बी-१८ पर्यंत, आणि शेवटी ‘निधी’ आणि ‘सारांश’ अशा आणखी दोन शीट. मार्चअखेरीला दर बदलायचा होता. वार्षिक सभेत सेवा शुल्क बावीसशेवरून पंचवीसशे करायचं ठरलं होतं. अशा वेळी मी नेहमी करते तेच केलं. ए-१ वर क्लिक, शिफ्ट दाबून धरायचं, बी-१८ वर क्लिक. छत्तीस टॅब एकदम पांढरे होतात, वर फाइलच्या नावापुढे ‘ग्रुप’ असा शब्द येतो, आणि मग समोरच्या पानावर जे लिहाल ते छत्तीसही पानांवर, त्याच चौकटीत, उमटतं. मी २५०० लिहिलं, एंटर दाबलं. खाली व्हाउचरची ओळ वाढवायची होती ती वाढवली. तेवढ्यात फोन आला, काकांना दवाखान्यात नेलंय, गाडी मिळत नाहीये, तू येतेस का. मी फाइल सेव्ह केली, बंद केली आणि किल्ल्या घेऊन पळाले. रात्री अडीचला आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी वैकुंठ स्मशानभूमीत.

ग्रुप सोडवायचा राहिला होता.

हे ज्यांना माहीत आहे त्यांना आता पुढचं सांगायला नको. फाइल बंद करताना शीट एकत्र धरलेल्या असतील, तर ती पुन्हा उघडते तेव्हाही त्या एकत्रच असतात. बारा-तेरा दिवस ती तशीच पडून होती, छत्तीस पानं एकमेकांचा हात धरून. तेराव्यानंतरच्या संध्याकाळी मी बिलं काढायला बसले. ए-११ वर गेले. नावाच्या चौकटीत एफ टू दाबून नावाच्या आधी ‘कै.’ लिहिलं. एक अक्षर आणि एक टिंब, पण लिहायला वेळ लागला. एंटर दाबलं. आणि छत्तीस पानांवरची छत्तीस नावं पुसून तिथे काकांचं नाव गेलं. एक बारीक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, आज माहीत आहे. फाइलमधल्या सगळ्याच शीट धरल्या असतील तर दुसऱ्या कुठल्याही टॅबवर क्लिक केलं की ग्रुप सुटतो. पण सगळ्या न धरता थोड्या धरल्या असतील, आणि तुम्ही त्या धरलेल्यांपैकीच एकीवर क्लिक केलंत, तर ग्रुप सुटत नाही. तुम्ही नुसते आतल्या आत एका पानावरून दुसऱ्यावर जाता. माझ्या अडतीसपैकी छत्तीस धरलेल्या होत्या. ए-११ त्यातली होती. ‘सारांश’वर एकदा जरी क्लिक झालं असतं तरी सगळे हात सुटले असते.

खुणा नव्हत्या असं नाही. वर ‘ग्रुप’ लिहिलेलं होतं. टॅब पांढरे होते. एकत्र धरलेल्या शीटवर काही गोष्टी करताच येत नाहीत, कंडिशनल फॉरमॅटिंगसारखी बटणं राखाडी होऊन बसतात, तीही तशी बसली असणार. माझी नजर त्या एका चौकटीवर होती. छापताना तर मी मुद्दामच सगळी बिलं एकत्र धरते, म्हणजे एका दमात निघतात, त्यामुळे तेव्हाही संशय आला नाही. कागद गरम गरम बाहेर येत होते, मी घडी घालत होते, फ्लॅट नंबर बघून पाकिटात सरकवत होते. नाव एकाही कागदावरचं वाचलं नाही. हे मला त्या चुकीपेक्षा जास्त लागलं. सतरा वर्षं मी या बिल्डिंगमध्ये राहते आणि सात वर्षं खजिनदार आहे, आणि माणसं माझ्या हातात नंबर होऊन आली होती.

माझे वडील भवानी पेठेत एका भुसार मालाच्या पेढीवर हिशेबनीस होते. एका वेळी अनेक पानांवर लिहिणं मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. बिलबुकात पांढरं, गुलाबी, पिवळं अशी तीन पानं, मध्ये दोन कार्बन. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. गूळ, मिरची आणि तागाच्या पोत्यांचा एकत्र वास, आणि त्यात मध्येच कार्बनचा तो तेलकट, मेणासारखा वास. ते लिहिताना बॉलपेन इतकं दाबायचे की अंगठ्याचं नख पांढरं पडायचं. मला कार्बन लावायला द्यायचे. शाईची बाजू खाली, हे मी एकदा विसरले. वरच्या पानाच्या पाठीमागे सगळं उलटं उमटलं, आरशात बघावं तसं, आणि खालची दोन्ही पानं समोरून कोरी. ते रागावले नाहीत. त्यांनी तिन्ही पानं ‘रद्द’ लिहून तशीच बुकात ठेवली, कारण बिलबुकातलं पान फाडायचं नसतं. पण आज मला आठवतं ते वेगळंच. प्रत्येक बिल लिहून झालं की ते वरचं पान उचलून खालचं गुलाबी पान बघायचे, मग पिवळं. दर वेळी. दिवसाला शंभर बिलं असली तरी शंभर वेळा. मला वाटायचं की उमटलंय का ते बघतात. ते बघत होतेच, पण बघताना ओठ हलायचे. ते वाचत होते.

आणि मुख्य वह्यांना कार्बन नसायचाच. रोजकीर्दीत दिवसभराचं लिहायचं आणि रात्री ते खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्याच्या पानावर मांडायचं. ज्याचं खातं त्याचं पान. पान काढायचं, नाव बघायचं, रक्कम लिहायची, कीर्दीतल्या ओळीसमोर पान नंबर टाकायचा, मग पुढचं पान. लक्ष्मीपूजनाच्या आधी रविवार पेठेत बोहरी आळीतून नव्या वह्या यायच्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, पहिल्या पानावर ‘श्री’. खतावणी एका वेळी एकाच ठिकाणी उघडते. ही अडचण आहे असं त्या काळात कुणाला वाटलं नसेल, वही अशीच असते. ताळा जमला नाही की रात्री अकरापर्यंत बसायचे. आठ आण्यांसाठी. आई ताट झाकून ठेवायची.

मी एक्सेल शिकले ते एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये, नळ स्टॉपजवळच्या एका जिन्याखालच्या खोलीत. तेव्हा नवी फाइल उघडली की तीन शीट आपोआप यायच्या. शीट एक, दोन, तीन. मी सगळं पहिलीतच लिहायचे आणि बाकी दोन बिचाऱ्या रिकाम्या राहायच्या. आता नव्या आवृत्त्यांत एकच येते, पाहिजे तर वाढवा. या सगळ्याची सुरुवात १९७९ साली झाली, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्क या प्रोग्रामपासून. हार्वर्डमध्ये शिकताना ब्रिकलिन बघत होता, प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडतायत, एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहितायत. त्याला वाटलं, एक बदलला की बाकीचे आपोआप बदलले पाहिजेत. माझ्या वडिलांना ही गोष्ट सांगायची राहून गेली. ते खूप वेळ गप्प बसले असते आणि मग म्हणाले असते, शहाणा मुलगा आहे. एका वर्कबुकात खाली टॅब लावलेल्या अनेक शीट ही आजची मांडणी एक्सेलमध्ये १९९३ च्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली. म्हणजे आधी पान आलं आणि चौदा वर्षांनी वही.

वर्कबुकला मराठीत काय म्हणावं याचा विचार मी पूर्वी उगाच करायचे. कार्यपुस्तिका हा शब्द मला शाळेतला वाटतो. एकदा मोडी शिकणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर कौन्सिल हॉलजवळच्या पेशवे दफ्तरात गेले होते. मांडणीसारखे उंच घोडे, त्यांवर कापडात बांधलेली गाठोडी. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. सुटे कागद एका विषयाचे, एका प्रांताचे, एकत्र ठेवून कापडाच्या चार टोकांची गाठ मारलेली. मैत्रिणीनं सांगितलं की नाना फडणवीसांचं आडनाव भानू, फडणवीस हे पद, आणि ते फर्दनवीसवरून आलं असं मानतात. फर्द म्हणजे कागदाचा सुटा ताव. तो लिहिणारा, सांभाळणारा, तो फर्दनवीस. सगळ्या राज्याच्या जमाखर्चावर ज्याची नजर, त्याच्या पदाच्या नावात सुटा कागद! मला ते फार आवडलं. तेव्हापासून माझ्या मनात शीट म्हणजे फर्द आणि वर्कबुक म्हणजे रुमाल. वाचनालयातल्या माणसानं एक रुमाल आमच्यापुढे सोडला. जुन्या सुती कापडाचा आणि वाळवलेल्या पानासारखा वास आला. त्यानं वरचे कागद एकेक करून उचलले, तळहात खाली घालून, म्हातारं माणूस उठवताना घालतात तसा.

काकांकडून मी दफ्तर घेतलं तेव्हा तेही कापडातच बांधलेलं होतं, काकूंच्या एका जुन्या नऊवारीच्या तुकड्यात. काका आमच्या सोसायटीचे आधीचे खजिनदार, नोंदणी झाल्यापासूनचे. ‘आय’ नमुन्याचं सभासद रजिस्टर, ‘जे’ नमुन्यातली सभासदांची यादी, भागपत्रकांचं पुस्तक, रोकड वही. सगळं त्यांच्या एका अक्षरात, शाई तेवढी बदललेली, आधी निळीकाळी, मग निळी. ते बँकेत होते आणि शाईच्या पेनानं लिहायचे, उभट, सुटं, प्रत्येक ‘र’ला बारीक शेपूट. एका संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला एकेक पान उलटून दाखवलं आणि प्रत्येक नावाशी थांबून माहिती सांगितली. हे पैसे उशिरा देतात पण देतात. यांच्याकडे फोन करू नकोस, वर जाऊन सांग, त्यांना कमी ऐकू येतं. हिच्या नावावर फ्लॅट वडिलांनी केला, भावांशी भांडण झालं होतं. मला तेव्हा थोडी घाई होती. मी मनात म्हणत होते, यातल्या किती गोष्टी मला खरंच लागणार आहेत? मी सगळं एका रविवारी एक्सेलमध्ये चढवलं आणि त्यांना लॅपटॉपवर दाखवायला नेलं. त्यांचं ‘अ/११’ मला ‘ए-११’ करावं लागलं होतं, कारण टॅबच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, प्रश्नचिन्ह, चौकोनी कंसही नाही. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, मग तुझ्या यंत्राला सातबारा कसा लिहिता येणार? आणि मग मी त्यांना ग्रुप करून दाखवला. एका पानावर दर बदलला, मग टॅबावरून टॅबावर गेले, बघा, इथेही, इथेही. ते पुढे वाकून बघत राहिले. “म्हणजे मला छत्तीस वेळा लिहायला दोन संध्याकाळी लागायच्या ते तू दोन मिनिटांत केलंस,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. मग म्हणाले, “पण ताळा कर हं.”

मी ताळा करत होते. आकड्यांचा. ‘सारांश’वर एकच बेरीज आहे, ए-१ ते बी-१८ या टॅबांच्या मधल्या सगळ्या शीटवरची तीच चौकट एकत्र मिळवणारी. दोन टोकांची नावं सांगायची, मध्ये जे कुणी असेल ते मोजलं जातं. फार देखणी गोष्ट आहे ती. आणि तिलाही एकदा मी फसले होते. दोन वर्षांपूर्वी ए-७ चा फ्लॅट विकला जात होता, म्हणून ती शीट सारखी लागत होती, म्हणून मी तिचा टॅब ओढून सगळ्यात शेवटी, हाताशी, नेऊन ठेवला. बी-१८ च्या पलीकडे. झालं, बेरजेतून ते घर गेलं. कुठे लाल खूण नाही, कुठे सूचना नाही. त्या तिमाहीचा आकडा बरोबर एका घराएवढा कमी आला आणि मी तीन तास बँकेच्या पासबुकात तो शोधत बसले. शेवटी काकाच म्हणाले, घरं मोज. छत्तीस आहेत का बघ. पस्तीस निघाली. तेव्हापासून ए-१ च्या आधी ‘आरंभ’ आणि बी-१८ च्या नंतर ‘शेवट’ अशा दोन कोऱ्या शीट ठेवाव्यात असं ठरवलं होतं, म्हणजे घरं कशीही सरकवली तरी भिंतीच्या आत राहतात. ठरवलं होतं. ते या एप्रिलपर्यंत राहूनच गेलं.

खरं म्हणजे सोसायटीचं सगळं काम याच एका प्रश्नाभोवती असतं, सगळ्यांचं एक काय आणि ज्याचं त्याचं काय. आदर्श उपविधींनी, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनं, ते बारीक कांतून ठेवलंय. सेवा शुल्क सगळ्यांना सारखं, फ्लॅट लहान असो की मोठा. लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यावाल्यांनी कितीही वाद घातला तरी. पाणी मात्र नळांच्या संख्येप्रमाणे. दुरुस्ती निधी आपापल्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. भाडेकरू ठेवला तर बिनभोगवटा शुल्क, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नाही. म्हणून माझ्या बिलात काही ओळी छत्तीस पानांवर एकसारख्या आहेत आणि काही प्रत्येक पानावर वेगळ्या. पहिल्या प्रकारच्या ओळींसाठी ग्रुप हे वरदान आहे, मी आजही तो वापरते आणि वापरत राहणार. नाव ही त्या ओळींतली नव्हे. पण यंत्राला दोन्ही चौकटी सारख्याच. तिसऱ्या ओळीतलं नाव आणि आठव्या ओळीतला दर यांत फरक आहे हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतं, आणि लिहिणारी त्या संध्याकाळी दुसऱ्याच दुःखात होती.

बिलं वाटल्याच्या त्या सकाळी मी फाइल उघडली. कंट्रोल झेड दाबून बघितलं, दाबायचं म्हणून. फाइल एकदा बंद झाली की मागे जायच्या सगळ्या पायऱ्या पुसल्या जातात, हे माहीत होतं. जुनी प्रत पेन ड्राइव्हवर होती, दिवाळीआधीची. त्यानंतर दोन फ्लॅट विकले गेले होते, पण बाकी चौतीस नावं तिच्यातून उचलता आली असती, पाच मिनिटांचं काम. मी ती प्रत उघडली आणि बंद केली. मला नावं उचलायची नव्हती. मी कपाटातून ते नऊवारीचं गाठोडं काढलं, ‘जे’ नमुन्याची यादी सोडली, आणि लॅपटॉपच्या डाव्या बाजूला ठेवली. आधी ए-१ च्या टॅबवर उजवी क्लिक, ‘अनग्रुप शीट्स’. वरचा शब्द गेला. टॅब राखाडी झाले, एकच पांढरा राहिला. मग काकांच्या अक्षरातलं पहिलं नाव वाचायचं, टाइप करायचं, पुन्हा वाचायचं, कंट्रोल पेज डाउन. दुसरं नाव.

दोन तास लागले. ऑफिसला कळवलं की आज उशीर होईल. ए-४, यांचा मुलगा आता कॅनडात, त्या एकट्या. ए-९, आडनावाआधी काकांनी आईचंही नाव लिहिलंय, बहुतेक त्यांनी तसं सांगितलं असेल, मी एक्सेलमध्ये चढवताना ते गाळलं होतं. सात वर्षं त्या बाईंनी काही म्हटलं नाही. या वेळी लिहिलं. ए-११ ला आले तेव्हा माझ्यासमोर यादीत काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं स्वतःचं नाव होतं, इतरांच्या नावांइतकंच, तेवढ्याच आकाराचं. स्क्रीनवर आधीच बरोबर होतं ते एकच. तिथे काही टाइप करायचं नव्हतं, तरी मी वाचलं. बी विंगला आले तेव्हा खालच्या अंगणात बहाव्याची फुलं झाडत होते, खराट्याचा आवाज येत होता, आणि उन्हामुळे स्क्रीनवरचं दिसेना म्हणून पडदा ओढला. शेवटच्या दोन नोंदी माझ्या अक्षरातल्या, बॉलपेनच्या, घाईच्या. वडिलांनी बघितल्या असत्या तर काही म्हणाले नसते.

नवी बिलं घेऊन मी स्वतः दारोदार गेले. बायपासवाल्या घरी सगळ्यात आधी. ते सोफ्यावर उशी छातीशी धरून बसले होते, खोकला आला की दुखतं म्हणून. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “काकांचं नाव वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, अरे, आपल्याला कुणी सांगितलंच नाही.” ते दवाखान्यात होते, घरच्यांनी त्यांच्यापासून लपवलं होतं. माझ्या बिलानं त्यांना ते कळलं. त्यांच्या बायकोनं मान वळवली. मला वाटलं होतं की ‘कै.’ बघून ते स्वतःसाठी घाबरले असतील. ते काकांसाठी रडले होते. यावर काय बोलायचं? मी दोघांनाही ‘चुकलं माझं’ म्हटलं, आणि बिल टीपॉयवर ठेवलं, नाव वर येईल असं.

काकूंकडे शेवटी गेले. त्यांना बातमी आधीच पोचली होती, तिन्ही मजल्यांवरून. त्या भाजी निवडत होत्या, मेथीची. मी समोर बसून काही न सुचून मेथी निवडायला घेतली. बराच वेळ आम्ही देठं बाजूला काढत होतो. “अगं,” त्या म्हणाल्या, “सगळ्यांकडे गेलं म्हणे यांचं नाव.” मी हो म्हटलं. “रागावलं का कुणी?” थोडेसे, मी म्हटलं. त्यांनी एक काडी उचलली, पुन्हा ठेवली. “ती बिलं परत आणलीस का?” मी म्हटलं, आणली, फाडून टाकणार आहे. तर म्हणाल्या, “फाडू नकोस. दे मला.” मी वर जाऊन ती घेऊन आले. पस्तीस होती, एक कुणीतरी आधीच टाकून दिलं असावं. त्यांनी ती मोजली नाहीत. कडा जुळवल्या, टेबलावर दोनदा आपटून सारख्या केल्या आणि देवघराखालच्या खणात ठेवल्या.

जुलैची बिलं काढायच्या आधी त्यांचं सभासदत्व हस्तांतरणाचं काम झालं. नॉमिनेशन होतंच, अर्ज, मृत्यूचा दाखला, समितीचा ठराव. आता ए-११ च्या चौकटीत त्यांचं नाव लिहायचं होतं. त्या संध्याकाळी त्या स्वतः माझ्याकडे आल्या, गुडघे दुखत असताना, हातात चष्म्याचं घर. म्हणाल्या, मला बघायचंय तू कसं लिहितेस ते. मी त्यांना खुर्ची दिली, फाइल उघडली. वर बघितलं, शब्द नव्हता. तरी टॅबवर उजवी क्लिक करून बघितलं. ‘आरंभ’ आणि ‘शेवट’ आता दोन्ही टोकांना आहेत. ए-११ वर गेले, ‘कै.’ पासून सगळं पुसलं आणि त्यांचं नाव लिहिलं. त्या पुढे वाकल्या, काका वाकायचे तशाच. “इतरांकडे नाही ना जाणार?” मी म्हटलं, बघा ना तुम्हीच. कंट्रोल पेज अप दाबत मागे ए-१ पर्यंत गेले आणि मग एकेक पान पुढे आणत राहिले. त्या चष्मा नाकावर सरकवून प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होत्या. काही नावांशी थांबत होत्या, हिची मुलगी आता कुठे असते गं, आणि मी सांगत होते, माहीत असेल तेवढं. बी-१८ आलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता, पावसाची एक सर येऊन गेली होती आणि दिवे लावायचे राहिले होते. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला.

“छत्तीस झाली,” त्या म्हणाल्या. “आता ठेव जपून.”

मी सेव्ह केलं.